इस्ताव्याच्या कौलाचं साल लागलं एकदाचं!

मंडळी, सुटलं! आमच्या घराण्यातल्या ज्या जुन्या इस्ताव्याच्या कौलावर (म्हणजे दरवर्षी चढत जाणाऱ्या साऱ्यानं जमीन कसायला दिल्याचा लेखी करार) मी इतके दिवस डोकं आपटत होतो आणि ज्यावर तुम्हीही भरभरून मतं दिली होती, त्याचं साल लागलं. १८०६. १७०६ नव्हे. ज्यांनी पैज लावली होती त्यांनी आपापसात बघून घ्या.

आता सविस्तर लिहितो, कारण असल्या कागदात अडकलेले आपल्यात बरेच आहेत.

मुळात हा कागद अस्सल नाही, वर 'अस्सलबरहुकूम नक्कल' असं स्वच्छ लिहिलंय, त्यामुळे अक्षराचं वळण, शाई, कागद हे सगळं नक्कल करणाऱ्याच्या काळाचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचं. त्यावरून मूळ कौलाचं काहीच कळत नाही, भिस्त फक्त मजकुरातल्या सालावर. आणि नेमकी तिथेच, घडीवर, कसर लागलेली! 'सु॥ सबा मया', मग भोक, मग 'अलफ'. हे शुहूर सन, जुन्या मराठी कागदांत अरबी अंकांच्या नावांनी लिहिलेलं साल: सबा म्हणजे सात, मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. भोकात नुसता 'व' असेल तर शुहूर सन ११०७, 'तैन व' असेल तर १२०७, आणि त्यात ५९९ मिळवले की एक येतं १७०६ आणि दुसरं १८०६. चिठोऱ्याएवढ्या भोकात अख्खं शतक गेलंय. बरं, शकाचा आकडा बघावा तर १, मग भोक, मग २८.

तेव्हा वाटलं संवत्सरावर सुटेल, कारण साठ वर्षांचं चक्र, शंभर वर्षांनी तेच नाव येणं शक्यच नाही. पंचांग काढून बघितलं तर शके १६२८ चं संवत्सर व्यय आणि शके १७२८ चं क्षय. आणि कागदावर उरलंय काय, तर 'य नाम संवत्सरे'. साठ नावांतली नेमकी ही दोन! त्या रात्री मी कागद गुंडाळून कपाटात टाकला होता.

हिजरी महिन्यावरून बघ असं काहींनी सुचवलं होतं, तेही केलं. रबिलावल वाचता येतो. पण गंमत अशी की शंभर सौर वर्षं म्हणजे १०३ चांद्र वर्षं आणि वर चोवीस-पंचवीस दिवस, म्हणजे हिजरी महिने ऋतूंमधून तीन फेऱ्या मारून जवळपास तिथेच येऊन थांबतात. दोन्ही सालांत रबिलावल पावसाळ्याच्या तोंडाशीच, फरक महिन्याच्या आतला, आणि मध्ये अधिक महिना आला की तोही मिटतो. त्यामुळे नुसत्या महिन्यावर निकाल देणं मला पटेना.

मजकुराचाही उपयोग नाही. उजाड गाव पुन्हा वसवायला दिलेला कौल आहे, पहिली वर्षं सारा कमी, मग चढत चढत पूर्ण. १७०६ घ्या तर आधी औरंगजेबाच्या फौजा आणि १७०२ ते १७०४ चा दुष्काळ. १८०६ घ्या तर आधी १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांची पुण्यावर स्वारी आणि लगेच १८०३-०४ चा दुष्काळ. गाव उजाड व्हायला दोन्हीकडे भरपूर कारण. आणि कौल घेणाऱ्याचं नाव? आमच्या घराण्यात आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे तीच दोन नावं पिढ्यान् पिढ्या आलटून पालटून, थोरलेही तेच आणि धाकटेही तेच. हा घोळ तुम्हा सगळ्यांच्या घरी असणारच.

तर सुटलं कसं. कागदाच्या तळाशी मागून एक पट्टी चिकटवलेली आहे, कुणीतरी फाटू नये म्हणून खळ लावून जोडलेली, आणि तिथली ओळ खळीमुळे काळवंडलेली. ती पट्टी सोडवायचा मोह खूप झाला पण हात लावला नाही (कृपा करून तुम्हीही असल्या पट्ट्या घरी पाण्यानं सोडवू नका, शाई उतरते). त्याऐवजी अंधारात कागद उभा धरून मागून टॉर्च लावला, साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढला, मग रंग उलटे केले, आणि मोडीची ती अखंड शिरोरेघ आणि तिच्याखाली लटकलेली अक्षरं अशी काही वर आली की मी ओरडलोच. 'आषाढ शु॥ १ भौमवासरे', म्हणजे मंगळवारी.

वार मिळाला! तिथी आणि वार एकत्र असले की लपायला जागा राहत नाही. १८०६ मध्ये ज्येष्ठ अमावास्या १६ जूनला, सोमवारी, म्हणजे आषाढ शुद्ध प्रतिपदा १७ जून, मंगळवार. चपखल. १७०६ ला कितीही ओढाताण केली, अधिक महिना धरून आणि सोडून दोन्ही प्रकारे बघितलं, प्रतिपदेला मंगळवार येत नाही. शिवाय १७ जून म्हणजे मृग लागून गेलेला, शुहूर सन मृगापासून बदलतं, म्हणून १२०७ मध्ये ५९९ मिळवायचे हेही बरोबर बसतं. जानेवारीपासून मृगाच्या आधीपर्यंतची तारीख असती तर ६०० मिळवावे लागतात, हे नवीन लोकांनी लक्षात ठेवा.

साधनांबद्दल दोन शब्द. फोनची स्कॅनर ॲप मोडी कागदाला वापरू नका, कागद पांढराशुभ्र करण्याच्या नादात ती पुसट शाईच खाऊन टाकतात. ऑनलाइन कन्व्हर्टर हिजरीत एखाद-दोन दिवस मागेपुढे जातात, वार तपासायचा तर छापील जंत्री हवीच. आणि वंशावळीच्या काही सॉफ्टवेअरमध्ये हिजरी, ज्युलियन असतं, पण शक आणि शुहूर मला कुठे दिसलं नाही, मी ते शेऱ्यात लिहून ठेवतो. मूळ कालनिर्देश जसाच्या तसा लिहायचाच, नुसतं इसवी सन लिहून मोकळं होऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आता वंशवृक्षाचं काय? बडोद्याची बाजू पक्की आहेच, पणजोबा तिथे शिक्षक होते, १९०६ ला सयाजीरावांनी संस्थानभर शिक्षण सक्तीचं केलं त्या काळात. पण नीरेकाठी आम्ही १८०६ ला आलो, 'प्रांत राजापूर' सोडून. म्हणजे १७१३ ला बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळायच्या आधीच आम्ही देशावर होतो ही घरातली आख्यायिका निदान या कागदावर उभी राहत नाही. काकांना सांगितलं तर ते दोन दिवस बोलले नाहीत. कौल धाकट्यांचा आहे, आणि थोरले होते ते कोकणातच असणार.

ठरवलं होतं की आता नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे जायचं, मूळ गाव आणि आडनाव सांगून वही काढायची, १८०६ नंतरची पहिली नोंद शोधायची. तिथे यात्रेकरूनं स्वतःच्या हातानं भाऊ, मुलगे लिहिलेले असतात, आणि दप्तरात जी कधी दिसत नाहीत ती आई-आजीची नावंही कधीकधी सापडतात, मला त्यांचीच जास्त ओढ आहे.

पण हे लिहिता लिहिताच सुचलं, ही नक्कल केली तरी कशाला असेल? १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशननं (इनाम जमिनींचे हक्क तपासणारं इंग्रजी सरकारचं मंडळ) लोकांकडून कागद मागवले होते, आणि हक्क सांगणाऱ्याला कैफियतीबरोबर, म्हणजे लेखी निवेदनाबरोबर, वंशावळ द्यावी लागे. आमच्या गावच्या जमिनीचा काही दावा तिथे गेला असेल आणि त्यासाठीच हा कौल उतरवला असेल, तर पुण्याच्या पुराभिलेखागारात १८५० च्या दशकात कुणीतरी बसून सांगितलेली आमची तीन-चार पिढ्यांची वंशावळ पडून असू शकते! नाशिक नंतर, आधी पुणे.

इनामाचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) ज्यांनी हाताळलेत त्यांनी सांगा, तिथली यादी गाववार आहे की हक्कदाराच्या नावानं? नावानं असेल तर थोरले-धाकटे घोळ पुन्हा होणार, म्हणून मी गावाची सगळी जुनी स्पेलिंगं आत्ताच काढायला बसलोय.