निळा रंग बघायला आलो होतो

काल रात्री अ‍ॅरिझोनात, लेक हवासू सिटीजवळच्या वाळवंटात होतो. आम्ही चौघे मित्र आणि एक आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी. निमित्त वेस्टर्न विंटर ब्लास्टचं, म्हणजे आतषबाजीवर जीव असलेल्यांची फेब्रुवारीतली जत्राच.

दुपारी टी-शर्टवर फिरलो, पण सूर्य बुडाला तशी हुडहुडी भरली. ब्लँकेटं गुंडाळून आरव्हीच्या दारात खुर्च्या टाकल्या. आधी उजेड दिसायचा, मग दोनेक सेकंदांनी धडाम! तो आवाज कानाआधी छातीत उतरतो. पायरीवर ठेवलेल्या स्टीलच्या कपातला चमचा दर वेळी किणकिणत होता.

आतषबाजीतला लाल रंग येतो स्ट्रॉन्शियम या धातूमुळे, हिरवा बेरियममुळे, निळा तांब्यामुळे. त्यात निळा सगळ्यात अवघड, ज्योत जरा जास्त तापली की फिकाच पडतो. काल मात्र एक गोळा असा गडद निळा फुटला की आम्ही चौघंही गप्प. (कॉलेजपासून एकमेकांना ओळखतो, इतके गप्प कधीच बसलो नव्हतो.)

सकाळी आरव्हीच्या टपावर जळक्या पुठ्ठ्याचा एक वाकडा तुकडा सापडला. अजून फटाक्यांच्या दारूचा वास येतोय त्याला. घरी घेऊन चाललोय.