टबातलं तळं: रॅम्प अखेर भिंतीला टेकला

टबात केलेल्या छोट्या तळ्यात पडलेल्या जिवांना बाहेर चढता यावं म्हणून आपण एक रॅम्प लावलाय. तरी मागच्या अपडेटनंतर टबात एक चिचुंद्री गटांगळ्या खाताना सापडली. काठीचा आधार मिळताच वर चढून पसार झाली, पण रॅम्प असताना ती बुडायच्या बेताला आलीच कशी? उतार बेताचा, वर काथ्याची दोरी गुंडाळलेली, खालचं टोक थेट तळाला. म्हणजे पाणी आटलं की रॅम्प अधांतरी राहतो, ती नेहमीची रड नव्हतीच.

उत्तर भिंतीवरच्या शेवाळात मिळालं. पाण्याच्या रेषेला लागून नखांचे बारीक ओरखडे, टबाच्या घेरभर. रॅम्पच्या मागेसुद्धा! पाण्यात पडलेला जीव भिंत धरून गोल फिरत राहतो. आपला रॅम्प काठावरून तिरका आत उतरतो, त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये बोळ राहतो. चिचुंद्री दर फेरीला त्या बोळातून आरपार जात होती.

आता रॅम्प भिंतीला समांतर, अगदी चिकटवून बसवलाय आणि मागची फट गोट्यांनी बुजवलीये. काठीला कापडाचा बोळा बांधून भिंतीलगत फिरवला, तर एका बाजूने रॅम्पवर चढतो, दुसऱ्या बाजूने मात्र उंच कडेला नुसता धडकतो. म्हणजे काम अर्धंच झालं, त्या बाजूसाठी दुसरा रॅम्प लागणार. सक्शन कपवाले तयार रॅम्प कुणी सुचवू नका, शेवाळ धरलं की ते सुटतात. चिकटवायचंच असेल तर मत्स्यटाकीचं सिलिकॉन घ्या. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बऱ्याचदा बुरशीनाशक असतं.

डकवीड, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी पानं, निम्म्याहून जास्त काढून टाकलं. वरून हिरवळ दिसते आणि सरडे बिनधास्त पाय टाकतात.

आणि हो, वेखंडाच्या पातीवर चतुराची रिकामी कात मिळाली, पाठीवर उभी चीर गेलेली! चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात, म्हणजे त्यांचा बंदोबस्त परस्पर होतोय. गप्पी मासे सोडा म्हणणाऱ्यांना पुन्हा तेच सांगतो: ते बेडकांची पिल्लंही सोडत नाहीत.

खरं तर हे लिहिता लिहिता वाटतंय, रॅम्प हवाच कशाला? टबाच्या एका बाजूला तळापासून काठापर्यंत विटा आणि गोट्यांचा उतारच रचला, तर कुठूनही फिरत आलेला जीव त्यावरच चढेल. सिमेंटचे ब्लॉक मात्र नकोत, त्यातला चुना उतरून पाण्याचा पीएच वाढतो, म्हणजे ते अल्कधर्मी होतं. पाणी कमी मावेल आणि उन्हात लवकर तापेल, म्हणून उतार टबाच्या एक तृतीयांश भागातच आवरायचा आणि टब सावलीकडे सरकवायचा. दुसरा रॅम्प रद्द. विटा भिजत घातल्यात.