भिंतीला पोट सुटलंय

नौपाड्यात मावशीचं जुनं घर आहे, तळमजला अधिक एक, सगळं लोडबेअरिंग, म्हणजे भार भिंतींवरच, कॉलम वगैरे काही नाही, नऊ इंची भिंती आणि त्यावर कौलं काढून नंतर कधीतरी टाकलेला स्लॅब. यंदा पावसाळ्यात वरच्या मजल्याला बाहेरून आडवी चीर दिसली, स्लॅबच्या जरा खाली, विटांच्या सांध्यातूनच गेलेली, आणि आतल्या गिलाव्यावर मात्र ओरखडासुद्धा नाही. मिस्त्री म्हणे भरून देतो, रंग मारला की कळणार पण नाही. मी सिव्हिलवाला, म्हणून मावशीने मला बोलावलं (फुकट, अर्थात).

गच्चीवरून ओळंबा सोडला तर भिंत मध्यावर १४ मिमी बाहेर. पोट सुटलंय तिला.

आणि वजन जास्त झालंय असं नाहीये हां, ते एका कडेला बसलंय. स्लॅब टेकवलाय भिंतीच्या फक्त आतल्या अर्ध्यावर, २३० पैकी ११५ मिमी, म्हणजे त्याचा भार मध्यापासून ५७ मिमी आत उतरतो. कॉलेजात मिडल थर्ड सगळेच पाठ करतात, म्हणजे भार जाडीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात हवा, मध्यापासून दोन्हीकडे जाडी भागिले ६, इथे ३८ मिमी, भार त्याच्यापलीकडे सरकला की विरुद्ध बाजूला ताण (ओढ) येतो आणि वीटकाम दाब झेलतं, ताण जवळजवळ झेलतच नाही, सांधा उघडतो. उघडला की तेवढी जाडी कामातून गेली, उरलेली भिंत अजून वाकते, आणि वाकली की मधली भिंत भाराच्या रेषेपासून अजून लांब जाते, की पुन्हा वाकते.

गंमत म्हणजे खाली पण स्लॅब असाच अर्ध्यावर टेकलाय, तिथे चीर नाही! कारण वरच्या भिंतीचं वजन तिथे बऱ्यापैकी मध्यातून येतं. समजा ते स्लॅबच्या भाराइतकंच आहे, तर दोन्ही मिळून ५७ चे २९ मिमी झाले, ३८ च्या आत. वरच्या भिंतीच्या डोक्यावर असं दाबून धरणारं कोणीच नाही.

हे ऐकून काका म्हणाले, "मग चढवू की अजून एक मजला!" त्यांना पाया आणि परवानगी समजावेपर्यंत चहा गार.

सध्या आतून स्लॅबला प्रॉप (टेकू) लावलेत, चिरेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख टाकलीय, चीर वाढली तर ती तडकेल, आणि मिस्त्रीला सांगितलंय, पट्टीला हात लावायचा नाही.