डिकीवरचे नऊ मिलिमीटर

"भाऊ, डावीकडून उचललेलं दिसून राहिलं ना?" गाडीमागे दहा पावलांवर उभ्या असलेल्या मालकांनी विचारलं. टेप मात्र काही वेगळंच सांगत होता. स्पॉयलर, म्हणजे डिकीवर दोन पायांवर उभा असलेला आडवा पंख, दोन्ही पायांपाशी डिकीपासून बरोबर 180 मिलिमीटर वर होता आणि डिकीच्या कडेपासून दोन्हीकडे 165 मिलिमीटर आत. मापं तंतोतंत, तरीही मालकांचं म्हणणं खरं होतं.

गाडी किट कार, म्हणजे सुटे भाग जोडून केलेली. पाइपची चॅसी, मारुती झेनचं इंजिन आणि वर फायबरची दोन सीटची बॉडी. तिची नोंदणी नाही, ट्रेलरवरून नेऊन ती फक्त बंदिस्त मैदानावर चालवतात. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाहीत. रस्त्यावरच्या गाडीसाठी कुणी असं काम घेऊन आलं तर आम्ही नाही म्हणतो.

वाकडेपणाचं मूळ बॉडीत होतं. हाताने काचेच्या धाग्यांची मॅट घालून केलेली बॉडी साच्यातून लवकर काढली की ती थोडी पिळते, आणि कडा तर हातानेच कापलेल्या असतात. म्हणून अशा गाडीवर बॉडीच्या कडेवरून माप घ्यायचंच नाही, चॅसीवरून घ्यायचं. चारही चाकांची हवा सारखी केली, चॅसी स्टँडवर घेऊन लेव्हल केली. मागच्या सस्पेन्शनच्या दोन्ही बोल्टांवरून ओळंबे सोडले, जमिनीवर खडूने रेष मारली आणि तिच्या मध्यातून गाडीची मध्यरेषा काढली. उंचीसाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेतली. डिकी डावीकडे 9 मिलिमीटर उंच निघाली आणि उजवी कड 4 मिलिमीटर जास्त बाहेर. मागचे दिवे तपासले, त्यांच्यात जेमतेम 2 मिलिमीटरचा फरक. दिवे चॅसीशी जुळत असतील तर स्पॉयलरही चॅसीशीच जुळवायचा, कारण मागून बघणारी नजर दिवे आणि स्पॉयलर या दोन रेषा शेजारी ठेवते.

उजव्या पायाखाली वॉशर रचून हा फरक भरता आला असता, पण मग सगळा भार बोल्टाभोवतीच्या रुपयाएवढ्या जागेवर येतो आणि महिन्याभरात जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, चांदणीसारखे तडे दिसतात. त्यापेक्षा डिकीवर सेलोटेप चिकटवून वॅक्स मारलं. रेझिनमध्ये बारीक कापलेले काचेचे धागे कालवून लगदा केला, तो पायाखाली घातला आणि पाय ठरल्या उंचीवर धरून ठेवला. लगदा सुकला तेव्हा पायाच्या तळाला डिकीचा बाक जसाच्या तसा उतरला होता. लगद्याची जाडी उजवीकडे 11 मिलिमीटर, डावीकडे 2.

आता स्पॉयलरबद्दल. मालकांनी आधी स्वतः थर्माकोल कापून त्यावर पॉलिएस्टर रेझिन लावलं होतं आणि आतला थर्माकोल विरघळून गेला होता. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल खातं. गाभ्यासाठी पीयू (पॉलियुरेथेन) फोमच हवा. आम्ही 1220 बाय 220 मिलिमीटरचा साचा केला. माल साच्यातून सुटावा म्हणून त्याला वॅक्सचे पाच हात आणि पीव्हीएचा पातळ थर, मग जेलकोट अर्धा मिलिमीटर. त्यावर चौरस मीटरला 300 ग्रॅमची एक आणि 450 ची दोन मॅट. पाय धरून पृष्ठभाग अंदाजे 0.65 चौरस मीटर, म्हणजे मॅट 780 ग्रॅम आणि तिच्या अडीच पट, जवळजवळ दोन किलो रेझिन. आत लांबीभर 25 मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पाइप. सगळं मिळून वजन 4.2 किलो.

हे काम मे महिन्यात होतं. हिंगणा एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी साडेपाचला मिसळलेलं रेझिन पंधरा मिनिटं हातात राहायचं. दुपारी तेच सहा-सात मिनिटांत मगातच घट्ट व्हायचं, मग तापून धूर सोडायचं. अशा वेळी हार्डनर कमी करायचा मोह होतो, तो आवरायला हवा. एक टक्क्याच्या खाली गेलं की रेझिन आतून कच्चं राहतं आणि रंगानंतर उन्हात मॅटचे धागे वर उमटतात. कमी करायचं ते कोबाल्ट, म्हणजे रेझिन घट्ट व्हायचा वेग वाढवणारं द्रव, तेही हार्डनर घालण्याआधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर स्फोट होतो, दोन्ही बाटल्या आमच्याकडे वेगळ्या कपाटांत असतात. आम्ही एका वेळी 400 ग्रॅमच मिसळलं, 4 ग्रॅम हार्डनर सिरिंजने मोजून, आणि नऊच्या आत हात थांबवला. काळा रंग मालकांना हवा होता, आम्ही पांढरा करायला लावला. नागपूरच्या उन्हात काळं फायबर इतकं तापतं की साधं रेझिन मऊ पडून मधोमध झोळ येतो.

बसवण्याआधी हिशोब केला. ताशी 120 किलोमीटरला हा पंख गाडीला फार तर 14 किलोने खाली दाबेल, 80 ला सहा किलोने. खरा भार माणसांचा. गाडी ढकलताना सगळे स्पॉयलरलाच हात लावतात, म्हणून 40 किलो धरून चाललो. वाळूच्या 20-20 किलोच्या दोन गोण्या ठेवल्या तर डिकी 11 मिलिमीटर दबली, कारण तिथे फायबर फक्त अडीच मिलिमीटर होतं. आतून 80 नंबरच्या पेपरने घासून, ॲसिटोनने पुसून, 12 मिलिमीटरचे मरीन प्लायचे तुकडे बसवले आणि वर 450 च्या तीन मॅट मारल्या. दाब 4 मिलिमीटरवर आला. मग भोकं. टेप लावून, आधी ड्रिल उलटं फिरवून जेलकोट खरवडायचा, मगच सरळ चालवायचं. प्लायच्या उघड्या कडांना रेझिन, खाली 3 मिलिमीटरची ॲल्युमिनियम पट्टी, मध्ये रबर, 8 एमएमचे स्टीलचे बोल्ट आणि नायलॉक नट.

डिकी उघडली आणि लगेच खाली आली. वजन नऊ किलोचं सव्वातेरा झालं, म्हणजे निम्म्याहून कमी वाढ. पण बिजागर पुढे आणि स्पॉयलर पार शेवटी, 700 मिलिमीटरवर. त्यामुळे बिजागरापाशी पडणारा भार जवळजवळ दुप्पट झाला होता. डिकी उचलून धरणारे 150 न्यूटनचे दोन्ही गॅस स्ट्रट (गॅस भरलेले दांडे) काढून 300 चे घातले, तेव्हा डिकी वर थांबली.