रमणबागेतली रात्र

डिसेंबर उजाडला की आई माळ्यावरची जुनी सतरंजी उन्हात टाकायची. तेवढ्यावरून आम्हाला कळायचं, ‘सवाई’, म्हणजे पुण्याचा शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव, आला. थर्मास, दोन शाली, कानटोपी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, एवढं घेऊन बाबा आणि मी साताऱ्याहून एसटीनं पुण्याला निघायचो.

सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे गायक रामभाऊ, 1952 साली गेले. पुढच्याच वर्षी पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. तो भरवायचं आर्य संगीत प्रसारक मंडळ. रमणबाग शाळेचं पटांगण, वर मांडव, खाली भारतीय बैठक. आमच्यासारखे साधे श्रोते सतरंजीवर जागा धरायचे आणि ती राखायची जबाबदारी माझी. शेजारच्या अनोळखी काकू हातावर तिळाची वडी ठेवायच्या आणि मध्यरात्रीपर्यंत त्या आमच्याच घरच्या होऊन जायच्या.

मला सगळ्यात जास्त आठवते ती शनिवारची रात्र. बारानंतर थंडी सतरंजीतून वर यायला लागायची. मांडवाबाहेर कॉफीला रांग. आणि आत कुणीतरी दरबारी राग लावलेला असायचा, अगदी सावकाश, त्यातला कोमल ‘ग’ नुसता डोलत. बाबा कानाशी येऊन म्हणायचे, ‘‘झोपू नकोस रे, हे दिवसा ऐकायला मिळत नाही.’’ मी तरी झोपायचोच. पण जाग यायची तेव्हा ललत नाहीतर तोडी चालू असायची, मांडवाच्या कडेनं उजेड आत येत असायचा आणि राग व वेळ यांचं नातं कुणी न शिकवता अंगात मुरायचं.

रविवारी सकाळी फिरोज दस्तूर गायला बसले की ‘गोपाला मोरी करुणा’ची फर्माईश ठरलेली. गंगूबाई हनगल यांचा तो भरदार, जवळजवळ पुरुषी आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकून बाबांकडे पाहिलं होतं. सवाई गंधर्वांकडे शिकायला त्या हुबळीहून कुंदगोळला आगगाडीनं जात, हे बाबांनी तिथेच कुजबुजत सांगितलं. आणि भीमसेनजी! रात्रभर यजमान म्हणून वावरलेला माणूस सकाळी स्वतः गायला बसायचा. त्यांचा पहिला षड्ज, म्हणजे ‘सा’, लागला की अख्खं पटांगण ताठ बसायचं.

मोठेपणी पुण्यात नोकरी लागली आणि उत्सवाची दुसरी बाजू कळली. शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’ नावाच्या कार्यक्रमात संगीतावरचे माहितीपट दाखवतात, ‘अंतरंग’मध्ये कलाकारांशी गप्पा होतात. व्यासपीठावर राजासारखे दिसणारे कलाकार तिथे खुर्चीवर बसून तालमीबद्दल बोलतात. गुरूंनी एकच पलटा, म्हणजे सरावाची सुरावट, कितीदा घोटून घेतला ते सांगतात, मध्येच गुणगुणून दाखवतात. हे ऐकून संध्याकाळी मांडवात गेलं की तीच बंदिश निराळी ऐकू येते. माझा कान खऱ्या अर्थानं तयार झाला तो या सकाळच्या गप्पांनी, असं मी मानतो.

आता रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालत नाहीत. एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते तेवढीच. उत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला गेला. गर्दी तशीच आहे, नवे गायक-वादक जीव ओतून गातात-वाजवतात, आणि मी दरवर्षी जातो. नियमामागचं कारणही पटतं. पण उत्तररात्रीच्या रागांना त्यांची स्वतःची वेळ या मांडवात आता मिळत नाही, याची हुरहूर जात नाही.

रमणबागेत उत्सवाच्या शेवटी सवाई गंधर्वांच्या आवाजातली जुनी ध्वनिमुद्रिका लावायचे. खरखरीतून येणारा तो बारीक, आर्त सूर. लोक उभे राहून ऐकायचे. एका वर्षी मी घाईनं सतरंजी गुंडाळायला वाकलो. बाबांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. ध्वनिमुद्रिका थांबेपर्यंत तो तिथेच होता.