खांद्याला परवडेल असा फुल फ्रेम

माझा निकॉन डी७५० आणि त्यावरची २४-१२० लेन्स ही जोडी दीड किलोच्या वर जाते. फोटो आजही सुरेख येतात, पण खांदा कुरकुरायला लागला आणि कॅमेरा घरीच राहायला लागला. फुल फ्रेम मात्र सोडवत नव्हता. अंधार पडता पडता काढलेल्या फोटोत त्यातला ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) जे देतो, त्याची सवय लागली होती. तेव्हा सेन्सर तोच, पण बॉडी लहान, असा शोध सुरू केला.

आधी कायमस्वरूपी लेन्स असलेले पाहिले. सोनी आरएक्स१आर ३ फक्त ४९८ ग्रॅमचा, लायका क्यू३ ७४३ ग्रॅमचा. दोन्ही देखणे, दोन्हींच्या किमती माझ्या आवाक्याबाहेर. विषय संपला.

मग लेन्स बदलता येणारे. इथे एक गोष्ट पक्की केली: नुसत्या बॉडीचं वजन बघायचंच नाही. सोनी ए७सी २ बॅटरी-कार्डासकट ५१४ ग्रॅम. त्यावर ४० मिमी एफ/२.५ लेन्स लावली की ६८७, म्हणजे लायकापेक्षाही हलका. त्याच बॉडीवर २४-७० एफ/२.८ जीएम २ चढवली की बाराशे ग्रॅमच्या पुढे! लहान बॉडी घ्यायची तर लेन्सही लहानच घ्यायला हव्यात, नाहीतर या खर्चाला अर्थ नाही.

सिग्मा एफपी आणि पॅनासॉनिक एस९ यांनी बराच मोह घातला. पण दोन्हींत व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही आणि मेकॅनिकल शटर, म्हणजे सेन्सरपुढे सरकणारे खरेखुरे पडदे, तेही नाहीत. व्ह्यूफाइंडरशिवाय भर उन्हात स्क्रीनवर काय दिसणार, हा प्रश्न होताच. पण शटरचं महत्त्व मला ढोल-ताशाच्या सरावात कळलं. नदीपात्रात संध्याकाळी पथकांचा सराव चालतो, वर एलईडी दिवे. तिथे भाड्याने आणलेल्या एका कॅमेऱ्यावर मुद्दाम इलेक्ट्रॉनिक शटर लावून फोटो काढले. वादकांच्या पांढऱ्या कुर्त्यांवर काळपट आडवे पट्टे, आणि ताशाची काडी केळ्यासारखी वाकलेली.

कारण साधं आहे. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एकेक ओळ वाचत जातो. काही सेन्सरना सगळ्या ओळी वाचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. म्हणजे एक फोटो वाचून होईपर्यंत पाच वेळा. फोटोतले पट्टे मोजले तर हिशोब जुळतो. शटर १/१०० सेकंदावर आणलं की पट्टे जातात, पण मग काडीचा नुसता फराटा उरतो. निसर्गचित्रं काढणाऱ्याला याचा काही त्रास नाही. मला मात्र उत्सव आणि माणसंच टिपायची असतात, त्यामुळे हे दोन्ही कॅमेरे यादीतून गेले.

उरले कॅनन आर८ आणि ए७सी २. आर८ अवघा ४६१ ग्रॅम, त्यावर २८ मिमी एफ/२.८ लावली तरी सहाशेच्या आत. किंमतही कमी, आणि व्ह्यूफाइंडर मधोमध असल्याने चष्म्यासकट डोळा सहज लागतो. याच किमतीच्या आसपास कोणी विचारलं तर मी आर८च सांगेन. माझं पारडं ए७सी २कडे झुकलं ते दोन कारणांनी: बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आणि मोठी बॅटरी. जुन्या देवळांचे सभामंडप टिपायचे तर ट्रायपॉड सगळीकडे लावू देत नाहीत. तिथे १/८ सेकंदावर हातात धरून खांबावरचं कोरीवकाम खणखणीत आलं. प्रदक्षिणा घालणारी माणसं अर्थातच पुसट आली. स्टॅबिलायझेशन हात सावरतं, समोरच्याला थांबवत नाही.

ए७सी २ आणि ४० मिमी घेतली. कार्डाचा एकच स्लॉट ही उणीव खरीच आहे, लग्नाची कामं घेणाऱ्याने तिचा आधी विचार करावा. शिवाय यात पूर्ण मेकॅनिकल शटर नाही. पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक आणि फक्त दुसरा खरा. त्यामुळे लेन्सचं एफ/१.४सारखं मोठं छिद्र आणि वेगवान शटर एकत्र आलं की मागच्या धूसर दिव्यांचे गोळे एका बाजूने कापल्यासारखे दिसतात. ४० मिमी एफ/२.५वर मला हे जाणवलेलं नाही. पुढे पोर्ट्रेटसाठी एफ/१.४ची लेन्स घेतलीच, तर दिवसा शटर हळू ठेवण्यासाठी एनडी फिल्टरही (लेन्सपुढे लावायची, प्रकाश कमी करणारी काच) सोबतच घ्यावा लागेल.