गोल कॉफी हाउस
तिरुवनंतपुरमला उतरलात तर स्टेशनजवळच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये जाच. आज दुपार तिथेच गेली. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी उभारलेली लाल, गोल इमारत. आत वेगवेगळे मजले असे नाहीतच. चकलीसारखा एकच चढ फिरत फिरत वर जातो आणि भिंतीच्या कडेने बांधीव टेबलं-बाकडी. जमीन तिरपी, टेबल मात्र सपाट! गवंड्यांनी हे कसं साधलं ते बघता बघता माझा डोसा गार झाला.

खिडक्यांऐवजी भिंतभर जाळी. विटा रचतानाच मध्ये मोकळ्या जागा सोडत गेलं की झाली जाळी. गज नको, काच नको. उजेड तुकड्या-तुकड्यांनी आत येतो, वारा खेळता राहतो.

बेकरांची आणखी एक लाडकी रचना म्हणजे रॅट ट्रॅप बाँड. यात विटा कडेवर उभ्या लावतात, त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. भिंत नऊ इंचीच, पण विटा साधारण २५ टक्के कमी लागतात, आणि पोकळीतल्या हवेमुळे उष्णताही कमी शिरते. वर गिलावा नाही, म्हणून विटा नीट भाजलेल्या हव्यात आणि दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरणाऱ्याचा हात सफाईदार हवा.

आपल्याकडे हल्ली गिलाव्यावर विटांच्या टाइल्स चिकटवून त्याला ‘एक्स्पोज्ड ब्रिक’ म्हणतात. असो!

बीटवालं कटलेट घ्या. टेबल मात्र गुडघ्यांना विचारून निवडा.